मार्किश, बर्नार्दू

(१८९८–१९६२). पोर्तुगीज रेखाचित्रकार, आरेख्यक कलाकार व प्रदर्शन-सजावटकार. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात पोर्तुगालमधील नियतकालिके, पुस्तके आणि परदेशी भरलेल्या जागतिक प्रदर्शनांतील पोर्तुगीज दालने यांना जे आधुनिक दृश्यरूप लाभले, ते घडविणाऱ्या कलावंतांत त्याची प्रामुख्याने गणना होते. व्यंगचित्रकार म्हणून त्याने कारकीर्दीस प्रारंभ केला. मध्यंतरी तो राज्यसंस्थेच्या प्रचारखात्याचा एक प्रमुख सजावटकार झाला आणि अखेरच्या काळात निसर्गरेखाटनाकडे वळला. या तीन टप्प्यांतून पोर्तुगालमधील आरेख्यक अथवा ग्राफिक कलेचा इतिहास तर उलगडतोच. शिवाय हुकूमशाही राजवटीत उपयोजित कलावंताचे स्थान काय असते, हा व्यापक प्रश्नही त्यातून उभा राहतो.

प्रारंभीचे जीवन : त्याचे पूर्ण नाव बर्नार्दू लोरैरू मार्किश. पोर्तुगालच्या दक्षिणेकडील आल्गार्व्ह प्रांतात, सिल्व्हिश या जुन्या नगरात त्याचा जन्म झाला. मूर राजवटीत हे नगर त्या प्रदेशाची राजधानी होते व तांबड्या वालुकाश्माचा त्याचा किल्ला अद्याप उभा आहे. १९१८ मध्ये मार्किश लिस्बन येथे आला आणि तेथील विद्यापीठाच्या साहित्यशाखेत रोमान्स भाषांच्या अभ्यासासाठी दाखल झाला. तीन वर्षांनी त्याने पदवी न घेताच शिक्षण सोडले. याच काळात त्याचा परिचय ओफेलिया या सहाध्यायिनीशी झाला. पुढे ते विवाहबद्ध झाले. ओफेलिया मार्किश (१९०२–५२) ही स्वतःही रेखाचित्रकार म्हणून नावारूपास आली. चित्रशाळेतील रीतसर शिक्षण मार्किशला मिळाले नाही. त्याच्या पिढीतील अनेक आधुनिक कलावंतांप्रमाणे तोही वृत्तपत्रांच्या व साप्ताहिकांच्या कचेऱ्यांतच शिकला.

या वस्तुस्थितीस एक कारण होते. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही संपून प्रजासत्ताक आले, तरी कलासंस्थांवर एकोणिसाव्या शतकातील वास्तववादी परंपरेचाच पगडा कायम राहिला. नव्या वळणाच्या चित्रकारांना तेथे सहसा वाव मिळत नसे. १९१२ पासून लिस्बनमध्ये ‘विनोदी चित्रकारां’ची जी प्रदर्शने भरू लागली, त्यांतून आधुनिक शैलीला आडवाटेने प्रवेश मिळाला. व्यंगचित्राला गंभीर कला मानले जात नसल्यामुळे त्यात आकारांचे सुलभीकरण, विरूपण व सपाट रंग यांचे प्रयोग करण्यास कोणाची हरकत नव्हती. १९२० मधील अशाच प्रदर्शनात मार्किशने आपली चित्रे प्रथम मांडली व त्यानंतर लवकरच तो लिस्बनमधील नियतकालिकांचा नेहमीचा चित्रकार झाला.

नियतकालिकांतील रेखाचित्रे : त्या काळची छपाई ध्यानात घेतल्याशिवाय मार्किशच्या रेषेचे मर्म कळत नाही. वृत्तपत्राच्या भरड कागदावर छायाचित्रांचे ठसे काळवंडून जात. याउलट, काळ्या शाईतील रेखाचित्रापासून तयार केलेला जस्ताचा ठसा स्वच्छ उमटत असे. त्यामुळे चित्रकाराला छायाप्रकाशाचा आधार न घेता केवळ रेषा, कोरी जागा आणि काळ्या रंगाचा ठोकळा यांवरच विसंबावे लागे. मार्किशने या मर्यादेचेच सामर्थ्य केले. कॉफीगृहांत वेळ घालविणारे बाबू, नव्या तऱ्हेचे आखूड केस राखणाऱ्या तरुणी, नृत्यगृहे, रविवारी फिरावयास निघालेली मध्यमवर्गीय कुटुंबे हे त्याचे विषय होत. मोजक्या रेषांत माणसाची ऐट व त्यामागील पोकळपणा ही दोन्ही टिपण्याचे त्याचे कसब वाचकांच्या विशेष पसंतीस उतरले.

१९२५ मध्ये लिस्बनच्या शियादू भागातील ‘आ ब्राझिलैरा’ या प्रसिद्ध कॉफीगृहाच्या भिंतींसाठी तरुण आधुनिक चित्रकारांकडून चित्रे करवून घेण्यात आली. झुझे द आल्मादा नेग्रैरूश, एद्वार्दू व्हियाना, झॉर्झ बाराद्श, आंतोन्यू सुआरिश इत्यादींबरोबर मार्किशचाही या कामात सहभाग होता. शासकीय संग्रहालयात आधुनिक चित्रांना स्थान नव्हते, अशा वेळी ही चित्रे प्रत्यही शेकडो लोकांच्या नजरेखालून जात. भिंत, गिऱ्हाईक आणि चित्र यांचा मेळ घालण्याचा हा अनुभव मार्किशला पुढे प्रदर्शनांच्या कामी उपयोगी पडला असावा.

१९२९ मध्ये तो बर्लिनला गेला. तेथे जर्मन चित्रकार गेओर्क ग्रोस याच्या उपरोधी चित्रांचा त्याच्यावर खोल परिणाम झाला. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन समाजातील पुष्ट धनिक, अपंग सैनिक व बाजारू सुखे यांचे ग्रोसने केलेले चित्रण निर्दय म्हणावे असे होते. मार्किशच्या रेषेलाही यानंतर धार आली. पूर्वीच्या खेळकर थट्टेच्या जागी काहीशी कडवट सामाजिक टीका दिसू लागली. तथापि पोर्तुगालमध्ये १९२६ च्या लष्करी उठावानंतर वृत्तपत्रांवर सक्तीची पूर्वतपासणी लादण्यात आली होती. राज्यकर्त्यांवर टीका करणारे चित्र छापून येणे दुरापास्त होते. माणसांच्या तऱ्हेवाईकपणाची थट्टा तेवढी चालत असे. त्यामुळे ग्रोसचा राजकीय आवेश मार्किशच्या चित्रांत उतरला नाही. उतरली ती त्याची रेषा. पुढील वीस वर्षांच्या त्याच्या वाटचालीची दिशा येथेच सूचित होते.

जाहिरातकलेतील नवे वळण : याच सुमारास लिस्बनमधील जाहिरातकलेतही मोठे परिवर्तन घडत होते. त्याचे बरेचसे श्रेय फ्रेड क्राडोल्फर (१९०३–६८) या झुरिक येथे जन्मलेल्या स्विस कलावंताकडे जाते. १९२० नंतरच्या दशकात तो लिस्बनला आला आणि तेथेच कायमचा स्थायिक झाला. स्विस भित्तिपत्रकांतील काटेकोर मांडणी, भौमितिक आकार, कमीतकमी शब्द आणि चित्राशी एकजीव झालेली अक्षरे ही वैशिष्ट्ये त्याने पोर्तुगालमध्ये रुजविली. तोपर्यंत तेथील भित्तिपत्रक म्हणजे मोठे केलेले चित्र व त्याखाली लिहिलेला मजकूर, असे स्वरूप असे. भित्तिपत्रक हे वाटेने जाणाऱ्याला क्षणात कळावयास हवे, त्यासाठी अक्षर हेही चित्राचेच अंग मानावे लागते, हा विचार क्राडोल्फरने आणला. झुझे रोशा या कलावंताने १९३६ मध्ये जाहिरातींसाठी एक तंत्रकार्यालय स्थापन केले. त्याभोवती क्राडोल्फर, मार्किश, कार्लुश बुतेल्यू (१८९९–१९८२), एमेरिकू नूनिश व ‘टॉम’ या नावाने परिचित असलेला तोमाश द मेलू (१९०६–९०) यांच्यासारख्या कलावंतांचे वर्तुळ जमले. सामूहिक कामाची सवय असलेला असा गट पोर्तुगालमध्ये यापूर्वी नव्हता. या मंडळींना त्या काळी ‘अभिकल्पक’ म्हणत नसत. ‘सजावटकार’ किंवा ‘चित्रकार-सजावटकार’ हीच त्यांची ओळख होती.

प्रचारखाते व आंतोन्यू फेर्रू : १९३३ मध्ये नवे संविधान अंमलात येऊन आंतोन्यू द ऑलिव्हैरा सालाझार (१८८९–१९७०) याची ‘नवे राज्य’ म्हणून ओळखली जाणारी एकाधिकारशाही राजवट स्थिरावली. त्याच वर्षी राष्ट्रीय प्रचार सचिवालय स्थापन झाले व त्याच्या प्रमुखपदी आंतोन्यू फेर्रू (१८९५–१९५६) या पत्रकाराची नेमणूक झाली. फेर्रू हा तरुणपणी आधुनिक साहित्यिकांच्या गोटातील होता. पोर्तुगीज आधुनिकतावादाचे अग्रदूत ठरलेल्या ऑर्फेउ (१९१५) या नियतकालिकावर संपादक म्हणून त्याचे नाव छापले जात असे. सालाझारच्या त्याने घेतलेल्या मुलाखती पुस्तकरूपाने गाजल्या होत्या. राजवटीला जुनाट न भासता आधुनिक दिसावयाचे असेल, तर आधुनिक कलावंतांना हाताशी धरले पाहिजे, हे त्याने ओळखले. त्याने सचिवालयातर्फे १९३५ पासून आधुनिक कलेची प्रदर्शने भरविली, पारितोषिके ठेवली आणि भित्तिपत्रके, पुस्तिका, पर्यटनकेंद्रे व प्रदर्शने यांची कामे मार्किश व त्याच्या सहकाऱ्यांना दिली.

या संबंधातील देवघेव दोन्ही बाजूंनी होती. कलावंतांना नियमित काम, चांगली छपाई, परदेशप्रवास आणि प्रयोगाची मोकळीक मिळाली. खासगी बाजारपेठ तुटपुंजी असलेल्या देशात हे थोडेथोडके नव्हते. राज्यसंस्थेला मोबदल्यात एक प्रसन्न, नीटनेटकी व निरागस प्रतिमा मिळाली. शैली आधुनिक असावी. विषय मात्र खेडे, लोककला, कोळी, शेतकरी, सण आणि सागरी पराक्रमाचा इतिहास हेच असावेत, अशी ही अलिखित वाटणी होती. १९३८ मध्ये ‘सर्वांत पोर्तुगीज खेडे’ निवडण्याची स्पर्धा घेण्यात आली व मोंसांतू या डोंगराळ गावास तो मान देण्यात आला. या खेड्यातील दारिद्र्य, निरक्षरता व तेथून परदेशी जाणारे लोक यांना अर्थातच या चित्रात जागा नव्हती.

प्रदर्शनांची सजावट : परदेशी भरणारी जागतिक प्रदर्शने हे या गटाचे सर्वांत मोठे कार्यक्षेत्र ठरले. याची सुरुवात सचिवालयाच्या स्थापनेपूर्वीच झाली होती. १९३१ मध्ये पॅरिसनजीक व्हँसेन येथे भरलेल्या वसाहतविषयक प्रदर्शनात पोर्तुगालची वास्तू राऊल लिनू या वास्तुविशारदाने ऐतिहासिक धर्तीवर बांधली. आतील सजावटीचे काम करणाऱ्यांत क्राडोल्फर, रोशा व मार्किश हे होते. बाहेरून भूतकाळ व आतून आधुनिक मांडणी, हा विरोधाभास पुढील सर्वच पोर्तुगीज दालनांत या ना त्या प्रमाणात आढळतो.

१९३७ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात सचिवालयाने प्रथमच पूर्ण तयारीनिशी भाग घेतला. या प्रदर्शनात जर्मनी व सोव्हिएट रशिया यांच्या प्रचंड वास्तू परस्परांसमोर उभ्या होत्या आणि यादवी युद्धात होरपळणाऱ्या स्पेनच्या प्रजासत्ताकाने आपल्या दालनात पिकासोचे गेर्नीका हे चित्र लावले होते. पोर्तुगालचे राज्यकर्ते त्या युद्धात फ्रांकोच्या बाजूचे होते. परंतु त्यांच्या दालनात कोठेही युद्धज्वराचा आविर्भाव नव्हता. फ्रांसीश्कू कैल दु आमाराल (१९१०–७५) या तरुण वास्तुविशारदाने सेन नदीच्या काठी साध्या, सुटसुटीत आकारांची वास्तू उभारली. मार्किश, बुतेल्यू, क्राडोल्फर, रोशा, टॉम, नूनिश व पाउलू फॅरैरा यांच्या चमूने तिची आतील सजावट केली. दोन वर्षांनी, १९३९ मध्ये, न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनांत पोर्तुगालच्या वास्तू झॉर्झ सेगुरादू याने योजिल्या. तेथेही सजावटीचे काम याच चमूने केले.

अशा प्रदर्शनातील काम पुस्तकाच्या मांडणीहून वेगळे व तरीही तिच्याशी नाते सांगणारे असते. पुस्तकात वाचक स्थिर असतो व पान उलटते. प्रदर्शनात पान स्थिर असते व वाचक चालत जातो. म्हणून सजावटकाराला प्रथम प्रेक्षकाची वाट आखावी लागते; कोठे तो थांबेल, कोठे वळेल, दुरून त्याला काय दिसेल व जवळ गेल्यावर काय वाचता येईल, हे ठरवावे लागते. त्यानुसार मोठी अक्षरे, मोजकी वाक्ये, वाढविलेली छायाचित्रे, सांख्यिकीय माहितीचे चित्ररूप तक्ते, प्रतिकृती, भित्तिचित्रे आणि प्रत्यक्ष वस्तू यांची योजना केली जाते. बांधकाम तात्पुरते असल्यामुळे लाकडी सांगाडा, गिलावा, कापड व रंग यांवरच भर असतो. मुदत ठरलेली असते व अनेक हात एकाच वेळी काम करतात. त्यामुळे वैयक्तिक शैलीला मुरड घालावी लागते. पोर्तुगीज दालनांत कोणता फलक नेमका कोणी रंगविला, हे सांगणे बहुधा कठीण जाते, ते यामुळेच. मासिकाच्या छोट्या चौकटीत एका रेषेने संपूर्ण प्रसंग उभा करण्याची सवय असलेल्या मार्किशला हे मोठे फलक अवघड गेले नाहीत. कारण दोन्हीकडे गौण तपशील गाळणे हेच मुख्य कौशल्य होते.

‘पोर्तुगीज जग’ प्रदर्शन, १९४० : देशाची स्थापना (११४०) व स्पेनच्या अंमलातून मुक्तता (१६४०) या दोन घटनांचा एकत्र शतकोत्सव म्हणून लिस्बनच्या पश्चिमेस बेलें येथे, तेजू नदीच्या काठी, २३ जून ते २ डिसेंबर १९४० या काळात एक भव्य प्रदर्शन भरविण्यात आले. कोतिनेली तेल्मू (१८९७–१९४८) हा त्याचा प्रमुख वास्तुविशारद होता. सुमारे तीस लाख लोकांनी ते पाहिले, असे सांगितले जाते. उद्घाटनाच्या आदल्याच दिवशी फ्रान्सने जर्मनीशी शस्त्रसंधी केला होता व यूरोपातून पळालेल्या निर्वासितांचे लोंढे लिस्बनकडे येत होते. युद्धाच्या वणव्यात आपला देश हे शांततेचे बेट आहे, ही राजवटीची भूमिका या पार्श्वभूमीवर अधिकच उठून दिसली.

प्रदर्शनाच्या सजावटीत त्या काळच्या बहुतेक सर्व प्रमुख चित्रकार-शिल्पकारांचा सहभाग होता. मार्किशही त्यांपैकी एक. इतिहासाच्या दालनांत सागरी शोध, साम्राज्य व धर्मप्रसार यांचा गौरव होता. लोकजीवनाच्या विभागात निरनिराळ्या प्रांतांतील घरे, हस्तव्यवसाय व कारागीर मांडलेले होते. नदीकाठी उभारलेले शोधयात्रांचे स्मारक तेल्मू व शिल्पकार लेउपोल्दू द आल्मैदा यांनी तात्पुरत्या सामग्रीत घडविले होते. आज दिसणारे दगडी स्मारक म्हणजे त्याची १९६० मधील पुनर्रचना होय. १५ फेब्रुवारी १९४१ रोजी आलेल्या चक्रीवादळाने प्रदर्शनाच्या उरलेल्या वास्तूंची मोठी हानी केली. लोकजीवन विभागाच्या इमारतींचे सेगुरादूच्या देखरेखीखाली रूपांतर करून १९४८ मध्ये लोककला संग्रहालय उघडण्यात आले. त्याच्या भिंतींवर टॉम, बुतेल्यू, फॅरैरा इत्यादी मार्किशच्या सहकाऱ्यांची चित्रे आहेत.

या प्रदर्शनातील साम्राज्याच्या चित्रात गोवा, दमण व दीव यांचाही समावेश होता. त्या चित्रात वसाहती समाधानी व राष्ट्राच्या अविभाज्य भाग म्हणून दाखविल्या जात. वस्तुस्थिती निराळी होती. १८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहिया यांनी मडगाव येथे सभाबंदीचा हुकूम मोडला व गोव्यात नागरी स्वातंत्र्याची चळवळ सुरू झाली. त्याच वर्षी त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्य यांना अटक होऊन लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि त्यांना पोर्तुगालमधील पेनिश येथील किल्ल्यात ठेवण्यात आले. पर्यटकांसाठी छापलेल्या पोर्तुगालच्या रम्य किनाऱ्यावरच हा तुरुंग होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा ‘पोर्तुगीज जगा’च्या त्या चित्राचा एक मोठा कोपरा गळून पडला.

पानोरामा व ग्रंथसजावट : मार्किशचे सर्वांत स्वतंत्र व टिकाऊ योगदान मात्र प्रदर्शनांत नसून छापील पानांत आहे. जून १९४१ मध्ये सचिवालयाने कला व पर्यटन यांना वाहिलेले पानोरामा हे नियतकालिक सुरू केले. त्याची कलाविषयक सूत्रे मार्किशकडे होती व १९४० नंतरच्या दशकात त्याने ती सांभाळली. या नियतकालिकाचा हेतू प्रचाराचाच होता. परंतु त्याची घडण प्रचारपत्रकासारखी नव्हती. मजकुराच्या स्तंभांभोवती सोडलेली ऐसपैस जागा, लहान शोभाचित्रे, रेखाटने व छायाचित्रे यांचा तोल, मुखपृष्ठासाठी वेगवेगळ्या चित्रकारांना दिलेली संधी यांमुळे पोर्तुगालमध्ये नियतकालिकाच्या मांडणीचा एक नवा मानदंड निर्माण झाला. खाणावळीची पाटी, दुकानाची काच, जेवणाचे पान, आगगाडीचे स्थानक अशा नित्याच्या गोष्टींतही सुरुची हवी, असा आग्रह फेर्रूने धरला होता. पानोरामाच्या पानांतून तो वाचकांपुढे येत राहिला. मार्किशने स्वतः नेमकेपणाने आखलेले पान हेच त्या शिकवणीचे सर्वांत चांगले उदाहरण होते.

नियतकालिकाच्या मांडणीत सातत्य व नावीन्य यांचा मेळ घालणे, ही खरी कसोटी असते. अंक हाती घेताच वाचकाला ओळख पटली पाहिजे; तरीही प्रत्येक अंक नवा वाटला पाहिजे. मार्किशने यासाठी स्तंभांची रुंदी, समास व शीर्षकांची मुद्राक्षरे यांचा आराखडा स्थिर ठेवून चित्रांचे आकार व त्यांच्या जागा यांत बदल करण्याची पद्धत अवलंबिली. चित्र हे मजकुराच्या मध्येच उमललेले असावे, त्याला चौकटीत कोंडू नये, याकडे त्याचा कल होता. कार्लुश कैरोझ याने संपादिलेल्या लितुराल (१९४४–४५) या अल्पजीवी वाङ्‌मयीन नियतकालिकाची सजावटही त्याने केली. याखेरीज अनेक पुस्तकांची मुखपृष्ठे व आतील चित्रे त्याच्या नावावर आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर कलावंत व राज्यसंस्था यांच्या संबंधांत तणाव निर्माण झाला. १९४६ पासून विरोधी मताच्या कलावंतांनी लिस्बनमध्ये ‘सर्वसाधारण कलाप्रदर्शने’ भरविण्यास आरंभ केला. सचिवालयाच्या प्रदर्शनांत भाग न घेणे, ही अनेकांची भूमिका होती. पॅरिस येथील १९३७ ची वास्तू उभारणारा कैल दु आमाराल हा या नव्या प्रयत्नांतील एक अग्रेसर होता. १९४७ मधील प्रदर्शनावर राजकीय पोलिसांनी धाड घातली व काही चित्रे जप्त केली. मार्किश या संघर्षात उघडपणे उतरला नाही. १९४४ मध्ये प्रचार सचिवालयाचे नाव बदलण्यात आले होते. १९४९ मध्ये फेर्रू त्या पदावरून दूर झाला व राजनैतिक सेवेत गेला. त्यानंतर सचिवालयाची उमेद ओसरली आणि सजावटकारांचा जुना गटही पांगला.

अखेरचा काळ : १९४० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून मार्किश अधिकाधिक निसर्गचित्रांकडे वळला. सिंत्रा परिसरातील झाडी, लिस्बनची छपरे, चढउताराचे रस्ते हे शाईने केलेल्या या रेखाटनांचे विषय आहेत. त्यांत माणसे क्वचितच दिसतात. एकेकाळी मोजक्या रेषांत माणूस उभा करणारा हा चित्रकार आता असंख्य बारीक रेषांच्या जाळ्यातून पानांची सळसळ व प्रकाशाची तिरीप पकडू पाहतो. थट्टा नाही, संदेश नाही; कोणाची मागणी पुरविण्याचे बंधनही नाही. १९५२ मध्ये ओफेलियाचे निधन झाले. त्यानंतरच्या रेखाटनांतील एकाकीपण अनेकांना जाणवले आहे. परंतु त्याचा संबंध केवळ वैयक्तिक दुःखाशी जोडणे योग्य होणार नाही, कारण ही वाट त्याने त्यापूर्वीच धरली होती.

१९५६ मध्ये कालूस्त गुल्बेंक्यान या आर्मेनियन तेलव्यावसायिकाच्या संपत्तीतून लिस्बनमध्ये गुल्बेंक्यान प्रतिष्ठान स्थापन झाले. त्यामुळे पोर्तुगीज कलावंतांना राज्यसंस्थेखेरीज दुसरा समर्थ आश्रयदाता प्रथमच लाभला. जानेवारी १९५९ मध्ये प्रतिष्ठानने कोलोक्यू हे कला-साहित्यविषयक नियतकालिक सुरू केले व त्याच्या मांडणीची जबाबदारी मार्किशकडे सोपविली. पानोरामामध्ये कमावलेली शिस्त येथे प्रचाराच्या ओझ्यापासून मुक्त झालेली दिसते. मृत्यूपर्यंत तो या कामात होता. १९६२ मध्ये लिस्बन येथे त्याचे निधन झाले. त्याच्या रेखाचित्रांचा मोठा संग्रह गुल्बेंक्यान प्रतिष्ठानच्या आधुनिक कलाविभागात आहे.

मूल्यमापन : मार्किशनंतरच्या पिढीत सेबाश्तियांव रुद्रिगिश (१९२९–९७) हा पोर्तुगालचा सर्वश्रेष्ठ आरेख्यक अभिकल्पक मानला जातो. आल्मानाक (१९५९–६१) या उपरोधी मासिकाची त्याने केलेली मांडणी व गुल्बेंक्यान प्रतिष्ठानसाठी केलेली भित्तिपत्रके व प्रकाशने प्रसिद्ध आहेत. लोककलेतील आकृतिबंध हे जुन्या सजावटकारांच्या हाती बहुधा रम्य आठवणीच्या रूपात येत; रुद्रिगिशने त्यांचा उपयोग शुद्ध आकार म्हणून केला. तथापि छापील पानाकडे गांभीर्याने पाहण्याची दृष्टी त्याला आधीच्या पिढीकडूनच मिळाली होती. १९७१ मध्ये लिस्बन येथे पोर्तुगीज अभिकल्पाचे पहिले प्रदर्शन भरले. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीने ‘नवे राज्य’ संपुष्टात आले आणि १९७६ मध्ये पोर्तुगीज अभिकल्पकांची संघटना स्थापन झाली. ज्या व्यवसायाला मार्किशच्या काळी स्वतःचे नावही नव्हते, तो अशा रीतीने मान्यता पावला.

क्रांतीनंतर काही काळ सचिवालयाच्या छत्राखाली झालेल्या सर्वच कलेकडे संशयाने पाहिले गेले. पुढे अभ्यासकांनी शैली व प्रचार यांचा वेगवेगळा विचार करण्यास आरंभ केला. तरी ही दोन अंगे सर्वस्वी अलग करता येत नाहीत. मार्किशच्या पानांतील नेटकेपणा, मोकळी जागा आणि प्रसन्नता यांमुळेच राजवटीचे चित्र विश्वसनीय वाटत होते. गबाळ्या हातांनी ते काम साधले नसते. दुसरीकडे, त्याच पानांनी पोर्तुगीज वाचकाला चांगली छपाई व चांगली मांडणी ओळखावयास शिकविले आणि ती ओळख राजवटीच्या पश्चातही टिकली. त्याची आरंभीची व्यंगचित्रे समाजाकडे डोळे उघडे ठेवून पाहणारी आहेत, प्रदर्शनांतील फलक त्या समाजाचा निवडक भागच दाखवितात आणि अखेरची निसर्गचित्रे त्याकडे पाठ फिरवितात. या तिन्हींचा एकत्र विचार केल्यास एका कुशल कलावंताची घडण जशी स्पष्ट होते, तशीच त्याच्या काळाने त्याच्याकडून घेतलेली किंमतही स्पष्ट होते.